दार न वाजवता

प्रिय लंबू,

पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला की तुझा मुलगा उचलतो आणि मावशी, आता जे काय ते वकिलामार्फत, असं म्हणतो. फार अदबीनं म्हणतो. तुझं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं, मी खोल्या सोडाव्यात म्हणून तुझ्या नावानं माझ्यावर दावा लावला, तेव्हाही आधी कळवण्याची सभ्यता त्यानं दाखवली होती. वळण चांगलं लावलंस.

मी बरी आहे. वाचनालयाची चाळीस पुस्तकं बांधायला आली आहेत, त्यामुळे खोलीभर खळीचा वास आहे. तू त्याच्याकडे राहायला गेल्यापासून नाक मुरडणारं कुणी नाही. तुझ्याकडून माझ्याकडे यायचं, जिन्याजवळचं आतलं दार आता फुगून घट्ट बसलंय.

माझी वकीलबाई वयानं लहान आहे, पण हुशार. भाडेकरू वेगळा आणि परवानगीनं राहणारा वेगळा, हे तिनं पहिल्याच भेटीत समजावलं. भाडेकरूला हक्क असतो, त्याला काढायचं तर कायद्यात बसणारं कारण लागतं. परवानगीनं राहणाऱ्याजवळ फक्त परवानगी असते. मालकानं ती काढून घेतली की सामान आवरायचं, मग एकोणीस वर्षं का झालेली असेनात. भाडं द्यायचात का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तर म्हणाली, त्यांच्या मुलाची शाळेची पुस्तकं दरवर्षी बांधून देत होतात ना, तेच भाडं समजू. भाडं पैशातच हवं असं नाही. मला हसू आवरेना. भूगोलाला मी निळं कापड लावलं म्हणून त्यानं केवढं भोकाड पसरलं होतं, आठवतं? असलं भाडं कोण वसूल करतं!

मग तिनं विचारलं, मालकीणबाई आत येताना दार वाजवायच्या का? वाजवत असतील, तर खोल्यांचा ताबा पूर्ण माझा, म्हणजे बाजू भक्कम. मी खरं ते सांगितलं. तू सकाळी डोळे चोळत सरळ आत यायचीस, माझाच कप उचलायचीस आणि पुस्तकं दाबायला ठेवलेल्या फळीवर बसायचीस. वजनाला बरी पडायचीस म्हणून मी उठवत नसे. नवऱ्याचं घर सोडून मी ट्रंक घेऊन आले, त्या दिवशी किती दिवसांसाठी, एवढंही तू विचारलं नव्हतंस. वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. यातलं एक अक्षर कोर्टात बोलू नका, म्हणाली.

काल नळ दुरुस्त करणारा आला, त्याच्याकडून तुझा निरोप मिळाला. मंगळवारी साक्षीत तू सांगणार आहेस म्हणे, की मी भाडं घेत होते आणि दार वाजवूनच आत जात होते. मुलाला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून कोर्टात हरायचा बेत आखलास. शाळेपासून तू अशीच, भांडण टाळायला काहीही करशील. मला ह्या खोल्या हव्या आहेत गं, फार हव्या आहेत. ह्या वयात दुसरीकडे कुठे जाऊ? पण माझ्या लेखी जबाबात मी भाड्याचा शब्द लिहू दिला नाही आणि त्यावर सही करून बसले आहे. एकोणीस वर्षं मी तुझी भाडेकरू होते, असं शपथेवर ऐकून त्याच खोल्यांत राहणं मला जमायचं नाही. तेव्हा मंगळवारी खरं सांग. माझ्या परवानगीनं राहत होती, म्हण. ती परवानगी आता काढून घेतली, असंही तुला म्हणावं लागेल. मी समोरच्या बाकावर असेन. तेवढं वाक्य मुलाकडे किंवा न्यायाधीशांकडे बघून नको, माझ्याकडे बघून म्हण.

तुझीच,
खळबाई