आईला भेटायला येणारी माणसं

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज कॉलेजातल्या बायका मला अगदी तुझ्यासारखंच बोलल्या. राजा पार्कात एकीच्या निवृत्तीचं जेवण होतं. मी येत नाही म्हटल्यावर दुसरी म्हणाली, "मॅडम, घर में अकेले करती क्या हो?" पेपर तपासायचेत, असं सांगून मी घरी आले. पेपर कालच संपले होते. चहा केला, पुस्तक उघडलं आणि वाचायचं सोडून हे लिहायला बसले.

तू मला एकलकोंडी म्हणायचीस. बाबांची बँकेतून इथे बदली झाली तेव्हा तुला धड हिंदी येत नव्हती, तरी दोन महिन्यांत वैशाली नगरातली आपली अख्खी गल्ली तुझ्या ओळखीची झाली. "भाभीजी, बसो ना, जरा चहा घेके जाओ," असं म्हणत तू बायकांना थेट स्वयंपाकघरात आणायचीस, आणि मी आतल्या खोलीत दार लोटून बसायची. शेजारणीच्या मुलीचं शहराबाहेर चौमूं गावी लग्न होतं, तो दिवस मला आठवतो. तू साडी नेसून तयार आहेस, बाहेर गाडी थांबली आहे, आणि मी म्हणतेय, मला घरीच राहायचंय. तू रागावली नाहीस. "मी गेल्यावर तुला कोण गं?" एवढंच म्हणालीस. गाडी गेली आणि त्या रिकाम्या घरात मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी तुम्ही परत आलात तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

मग बाबा गेले आणि चार वर्षांनी तू अंथरुणाला खिळलीस. मी रजा काढली. दुपारी चार वाजले की बायका यायच्या, कुणी दलिया घेऊन, कुणी नुसतीच. त्याआधी तू माझ्याकडून केस विंचरून घ्यायचीस, उशीला टेकून बसायचीस. त्या मोठमोठ्याने बोलायच्या, तू हसायचीस, आणि मी चहाचे कप नेत-आणत राहायची. जाताना प्रत्येक बाई मला विचारायची, तू लग्न का केलं नाहीस, दिवसभर गप्प का असतेस. एक दिवस सात जणी येऊन गेल्या. शेवटच्या शेजारणीला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "आंटी, डॉक्टरने मिलने को मना किया है." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हाँ बेटा, हम सबको बोल देंगे."

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तू केस विंचरून बसलीस. "आज कुणी नाही आलं?"

"ऊन फार आहे, आई."

तिसऱ्या दिवशीही ऊन. पुढे कुणाकडे तरी पाहुणे, कुणाची तरी तब्येत. आठवडाभराने तू छताकडे बघत विचारलंस, "मी कुणाला काही वाईट बोलले का गं?" तेव्हा उठून शेजारी जाता आलं असतं. पंधरा पावलं होती. मी तुझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "येतील गं." त्यानंतर तू केस विंचरायला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

असे सहा आठवडे गेले. तू गेलीस त्या दिवशी सगळ्या आल्या. बसायला जागा पुरली नाही. शेजारीण माझ्या गळ्यात पडून रडत होती. "हम तो रोज आते, बेटा. पर मना था ना." मी मान हलवली.

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. उलट, गप्पा मारू द्या, बरं वाटेल त्यांना, असं म्हणाले होते. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही सांगू शकतेय ते हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच. लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, शेवटी आईला शांतता मिळाली. मलाही ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. पण शांतता तू मागितलीच नव्हतीस, आई. त्या सहा आठवड्यांत बेल वाजत नव्हती, घरात आपण दोघीच होतो, तू आत वाट बघत पडली होतीस आणि मी बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत होते. मी सुखात होते.