चादरीखालची खुर्ची

कराड, ३ जानेवारी १९७८, संध्याकाळ
फेब्रुवारीत सांगलीला नव्या पद्धतीचं फर्निचर आणि दिवे यांचा महोत्सव. परीक्षक मुंबईचे. आपण उतरणार. फौजेत सतरा वर्षं वायरिंग, सुटून आल्यावर सहा वर्षं सुतारकाम. दोन्ही विद्या एका माणसात असणं दुर्मिळ. आयटम ठरला: माणूस खुर्चीत बसला की डोक्यावरचा दिवा आपोआप लागणार, उठला की विझणार. नाव 'आसनदीप'. आजपासून कडक गुप्तता.

४ जानेवारी
हॉटेलात चहा पिताना फक्त ढोबळ कल्पना सांगितली. दिव्याविषयी अवाक्षर नाही. स्विचविषयी थोडं.

७ जानेवारी
शेजारच्या गाळ्यातला नाथाजी पटाशी मागायला आला. मूळचा लोणंदचा, बाकडी आणि देव्हारे करतो. माझ्याच वयाचा, पण अंगानं दुप्पट. त्याच्याकडं स्वतःच्या चार पटाश्या आहेत, मी मोजल्यात. जाताना म्हणाला, "काय नवीन चाललंय रं, लालासाहेब?" 'नवीन' कशावरून? दिली नाही पटाशी.

११ जानेवारी
दुकानाच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली. अंधारात भोक खुर्चीच्या भलत्याच पायाला पडलं. पाय बदलावा लागणार. सुरक्षेची किंमत मोजावीच लागते.

१४ जानेवारी
शत्रूची दिशाभूल करायला एक खोटं ड्रॉइंग टेबलावर मुद्दाम ठेवलं होतं. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन आलो तर कागद वीतभर सरकलेला! बायको अंजना म्हणते, "आवं, मी झाडलं न्हवं का." अंजनाचं माहेर लोणंदकडचं. विचार करण्यासारखं आहे. तरी तिळगूळ तिच्याच हातचा खाल्ला.

२२ जानेवारी
ट्रायल. मी बसलो, दिवा लागला. दहापैकी दहा वेळा. अंजना बसली, लागला नाही. स्प्रिंग माझ्या वजनावर बेतलेली आहे. ती म्हणाली, "म्हंजे बारीक माणसानं अंधारातच बसायचं व्हय?" टेक्निकल बाजू बायकांना समजत नाही. स्प्रिंग बदलणार नाही. मुंबईचे साहेब लोक खाऊन-पिऊन असणार.

२ फेब्रुवारी
नाथाजीपण सांगलीला जातोय! वेताचा एक टेबल-लॅम्प आणि साधं स्टूल घेऊन. वर मलाच म्हणतो, "टेंपोत जागा हाय गड्या, तुजी खुर्ची घालू की." म्हणजे ऐंशी किलोमीटर खुर्ची त्याच्या नजरेखाली. मी म्हणालो, माझी सोय झालीय. सोय झालेली नव्हती.

५ फेब्रुवारी, सांगली
एस.टी.च्या टपावरून आणली. कंडक्टरनं विचारलं, "आत काय हाय?" मी म्हणालो, घरगुती सामान. पेठच्या पुढं एका फांदीनं दिव्याची टोपी चेपली. चेपलेली टोपी जास्त मॉडर्न दिसते.

६ फेब्रुवारी
मांडवात एकेक नमुने. पुण्याच्या पोरांनी लोखंडी नळ्या वाकवून खुर्च्या केल्यात, कुणी कागदाचे गोल दिवे टांगलेत. तीन पायांचं एक टेबल आहे, त्याला डिझाइन म्हणतात. आमच्यात त्याला मोडकं म्हणतात.
माझ्या खुर्चीवर सकाळपासून चादर. परीक्षक येईपर्यंत कुणालाही दाखवायची नाही. माणसं येतात, चादरीकडं बघतात, पुढं जातात. उत्सुकता वाढवणं हासुद्धा डिझाइनचाच भाग.
दुपारी एक सफारीवाला गृहस्थ दोनदा आला. वही-पेन घेऊन! "खाली काय आहे? वायरिंग तुम्हीच करता?" असले प्रश्न. इतकी उघड हेरगिरी मी सरहद्दीवरसुद्धा पाहिली नाही. हाकलला.

७ फेब्रुवारी, दुपार
परीक्षक आले. तिघं. पुढं एक बाई, अगदी काडी. चादर ओढली. बाई बसल्या. दिवा नाही. म्हणाल्या, "लाइट गेलीय का?" शेजारी सगळीकडं लख्ख उजेड. मी म्हणालो, जरा जोर लावून बसा. त्या बिचाऱ्या दोनदा उसळून बसल्या. लोक हसले.
तेवढ्यात नाथाजी आपला स्टॉल सोडून आला. न विचारता. "बाई, उठा जरा," म्हणाला आणि धप्पकन बसला. दिवा लागला! टाळ्या. बाईंनी त्याला विचारलं, कल्पना तुमची? तर म्हणाला, "न्हाई वो. ह्येची. मी फकस्त वजन दिलं."
इतका प्रामाणिकपणा संशयास्पद आहे.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
निकाल. बक्षीस तीन पायांच्या टेबलाला. नाथाजीला काही नाही. मला काही नाही. आधी ठरलेलं असणार.

९ फेब्रुवारी, कराड
सफारीवाला हेर नव्हता. एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसची खरेदी तो बघतो. चाळीस दिवे आणि चाळीस स्टुलं हवी होती. काम नाथाजीला मिळालं. नाथाजी आज दारात उभा राहून म्हणाला, "मला वायरीतलं काय कळतंय? मी त्यास्नी सांगितलंय, वायरिंग लालासाहेब करनार. निम्मं काम तुजं." मी म्हणालो, बघतो. यात त्याचा फायदा काय, ते दुपारभर शोधलं. सापडला नाही.

१२ फेब्रुवारी
खुर्ची चादर काढून रस्त्यावर ठेवली. म्हटलं, कोण ड्रॉइंग काढून नेतं ते बघू. दहा ते सहा खिडकीच्या फटीतून पहारा. बाजाराला आलेल्या एका बाईनं वर पिशवी टेकवली. एक म्हातारा बसला, चपलेतला खडा काढला, गेला. सीटखाली कुणी वाकून पाहिलं नाही. शेवटी अंजनाच म्हणाली, "आवं, आत घ्या आता ती. कोन न्हेत न्हाई."

१३ फेब्रुवारी
सकाळी नाथाजीच्या गाळ्यात गेलो. येतो म्हणालो कामाला. त्यानं चहा मागवला. मग मान खाली घालून रंधा मारत विचारलं, "दीड म्हैना नीट बोलत न्हवतास. माजं काय चुकलं हुतं का रं?"
मी म्हणालो, न्हाई गड्या. कामात हुतो.