पॅरललेपायपेडचं स्थळ

धुळे, ता. ८ फेब्रुवारी १९८८

रा. रा. चुडामण भाऊजींस, सा. न. वि. वि.

काल तुमच्या प्रमिलेने माझं नाक कापलं. रुपचंद सर आमच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांचा इंजिनिअर मुलगा मी तुमच्या दारात आणून उभा केला. बघण्याच्या कार्यक्रमात कुणी स्वयंपाकाचं विचारतं, कुणी गाणं म्हणायला लावतं. सरांनी भूमितीतला शब्द विचारला, पॅरललेपायपेड, तर बिघडलं काय? पोरीने उच्चार नीट केला, तिथेच थांबायचं. सर म्हणाले, पेड म्हणजे पाय. त्यावर ही बी.एस्सी.वाली म्हणते, मूळ ग्रीक आहे आणि पेदोन म्हणजे जमीन. सरांनी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

तिने माफीचं पत्र पाठवलं तरच पुढचं बोलणं होईल. मुलगी उजवायची आहे की घरात ठेवायची, ते ठरवा. अक्कास नमस्कार. लोभ होता, तो तूर्त मिटवून ठेवतो.

पितांबर

पाचोरा, ता. १३ फेब्रुवारी

ती. पितांबर मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र नानांना होतं, उत्तर मी देते. ते माफी लिहायला बसले होते, मीच पेन काढून घेतलं.

मी आठवीच्या सुटीत धुळ्याला आले होते, तेव्हा रिकामी काडेपेटी तिरकी दाबून ही आकृती मला कोणी दाखवली? पॅ-र-ल-ले-पाय-पेड असे तुकडे टाळ्या वाजवत कोणी म्हणून घेतले? पॅरा शेजारी, अलेलॉन एकमेकांच्या, एपी वर, पेदोन जमीन, हे तुम्हीच शिकवलंत. आणि बघण्याच्या दिवशी माझ्यावर डोळे वटारून म्हणालात, सरांचंच बरोबर. सर चुकले त्याचं मला काही नाही. तुम्ही खोटं बोललात, त्याची चीड आली.

मुलगाही मी बोलताना मान डोलावत होता. वडिलांनी बघितल्यावर खाली बघून पोहे खाऊ लागला. त्याच्याबरोबर मला जन्म काढायचा नाही. माफी मिळणार नाही.

रागावले आहे, तरी भाचीच आहे.

प्रमिला

धुळे, ता. २० फेब्रुवारी

चि. प्रमिलेस, अ. उ. आ.

मंगळवारी सरांच्या खोलीत जाऊन सांगून आलो की मुलगी बरोबर होती, ते मीच तिला शिकवलंय. स्थळ मोडलं. माझा दहावीचा वर्ग काढून घेतला, आता पाचवीला पाढे शिकवतो. समाधान झालं असेल तुझं. मला तुझा भयंकर राग आलेला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही.

आखाजीच्या सणाला अक्काला माहेरी न्यायला येईन. तूही ये, पण माझ्याशी बोलू नकोस.

मामा