अंडं कोणी आणलं

शनिवार, १२ ऑगस्ट १९८९, धरणगाव

कवच गेलं! सौम्य आम्लात विरघळलं. आता नुसतं पातळ पटल उरलंय. साध्या पाण्यात ठेवलंय — पाणी पटलातून आत शिरेल, सोमवारी अंडं फुगलेलं दिसेल. मग मिठाच्या पाण्यात टाकलं की आक्रसेल. परासरण एकदा डोळ्यांनी बघितलं की पोरी विसरणार नाहीत.

अंडं मीच नववीच्या जमीलाला आणायला सांगितलं. तिच्या घरी कोंबड्या आहेत. मी बाजारातून घेतलं असतं तर घरमालकीण झुंबरबाईने मला बाहेर काढलं असतं. शिपाई भटू तर ग्लासाला शिवेना. "मी नही हात लावस, बाई. श्रावण शे."

बटाट्यानेही भागलं असतं म्हणा. पण मला हौस!

सोमवार, १४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार — विसरलेच! संस्थेचे रतिलालशेठ प्रसाद वाटत वर्गात आले. टेबलावर ग्लासात अंडं, टम्म फुगलेलं. शेठचा हात द्रोणातच राहिला. "अंडं कोणी आणलं?"

माझी कायम होण्याची ऑर्डर याच महिन्यात निघायची आहे. माझं तोंड उघडलं नाही.

जमीला उभी राहिली. "मी आणलं." कोणी सांगितलं ते बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही तिने.

बुधवार, १६ ऑगस्ट

तिला शाळेतून काढलं.

गुरुवार, १७ ऑगस्ट

तिचे वडील आले. नासीरभाई, गाद्या भरतात. कॉलरला कापूस चिकटलेला. मला म्हणाले — मलाच — "बाई, पोरीची चूक झाली. शेठला दोन शब्द सांगा ना." मी म्हटलं, बघते.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर खुर्चीत बसून 'बघते' म्हणतोय. शिसारी येते स्वतःची.

शनिवार, १९ ऑगस्ट

भटूने टेबलावर गोमूत्र शिंपडलं. मुख्याध्यापक तोताराम सर हळूच म्हणाले, "सुटलात, बाई." म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे.

मंगळवार, २२ ऑगस्ट

तपासणीसाठी प्रयोगवह्यांचा गठ्ठा सोडला. जमीलाची वही त्यातच होती, जाताना ठेवून गेलेली. 'साहित्य : अंडं' — पुढचे शब्द ब्लेडने खरवडलेले. उजेडात धरल्यावर लागले : 'बाईंनी आणायला सांगितलेलं.'

ते शब्द मी पुन्हा लिहिले. खाली सही केली. वही शेठच्या टेबलावर ठेवून आले. माझी ऑर्डर तिथेच होती, त्यांच्या सहीसाठी.