सायीच्या रंगाचा तारा

अण्णा, काल धाकटीचा फोन आला होता. तिला तुमचा तो तारा हवाय, पोराला दाखवायला. मृगाच्या जवळ होता, एवढंच तिला आठवतं. मला मात्र सगळं आठवतं, कारण तो तुम्ही तिला दाखवलात.

बजाजनगरच्या आपल्या खोलीवरची गच्ची. कंपनीतून आलात की जेवणाआधी तुम्ही ती जुनी दुर्बीण घेऊन वर निघता, आम्ही दोघी बहिणी मागे. मृगाच्या डाव्या अंगाला, दोन ठळक ताऱ्यांच्या मधे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा बारीक ठिपका. "सरळ बघू नका, जरा बाजूला बघा, मंग दिसतो," तुम्ही सांगता. "आपल्या सूर्यापेक्षा तापट हाय गडी, लई लांब हाय म्हणून मिणमिणतो." धाकटी दुर्बीण डोळ्याला लावते न लावते तोच ओरडते, "अण्णा, सायीवानी हाय!" तुम्ही तिला उचलूनच घेतलंत. पिवळसर पांढऱ्याला साय म्हणाली, हे कंपनीतल्या सगळ्यांना सांगत सुटलात. मला नुसता धुरकट गोळा दिसत होता. मी दुर्बिणीच्या दोन नळ्यांमधल्या चाकाला बोट लावलं, तर केवढ्यानं खेकसलात, "हात नको लावू! बसवलेलं हाय ते!" फिटर माणूस तुम्ही, एकदा जुळवलेलं कुणी हलवलेलं खपायचं नाही. "तुझं ध्यानच नाय," म्हणालात, आणि पुढे वर जाताना हाक फक्त तिलाच मारू लागलात. मी खाली आईसोबत भाकरी थापायचे आणि जळायचे. सख्ख्या बहिणीवर, अण्णा. अजूनही जळते.

मला चष्मा लागला तेव्हा तुम्ही नव्हतात. दुर्बीण माझ्याकडे आली, कारण धाकटीला ती नकोच होती. एका संध्याकाळी चष्मा काढून ठेवला आणि ते चाक फिरवलं. अर्धा फेरासुद्धा लागला नाही. गोळा आवळत आवळत ठिपका झाला. आणि रंग सायीचाच. तेही तिचंच बरोबर निघालं, याचा इतका राग आला की मी दुर्बीण खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. तुम्हाला हाक मारून सांगावंसं वाटलं, मलाही दिसतो.

काल तिला म्हणाले, "आता नाय दिसत गं. चोहीकडं दिवे लई झालेत."

दिसतो, अण्णा. पडेगावच्या माझ्या गच्चीवरून थंडीत रोज दिसतो. चाक माझ्या डोळ्याला बसवून ठेवलंय. त्याला मी कुणालाच हात लावू देत नाही, तिला तर नाहीच.