अकरावी फाइल

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ती. ताईंना नमस्कार.

सकाळी कपडे वाळत घातले, पेपर वाचला, दहाला यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे.

"भावाने बसवलेल्या चाली एकदा ऐकव, मग मी मरायला मोकळी," म्हणाला होतात. हे कॉम्प्युटरला जोडलेल्या पियानोच्या कीबोर्डवर वाजवत, त्याच्या अकरा फाइली सापडल्या. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला दाखवल्या, तो म्हणाला, "काकू, यात आवाज नाहीच. कोणती पट्टी, कधी, किती जोरात दाबली, एवढीच यादी आहे. आवाज कॉम्प्युटरने भरायचा." पहिल्यांदा मी वाद्य चुकीचं निवडलं आणि यांची अंगाई बँडवाल्यांनी वाजवल्यासारखी आली. हे गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसले. मग पियानो निवडून एकेक ध्वनिमुद्रण केलं. दहा झाली.

अकरावी त्या दिवशीची आहे.

ताई, तुम्हाला माहीत नसेल, मला बोलवायचं तर हे हाक मारत नसत. सगळ्यात खालची पट्टी तीनदा दाबायचे. चहा हवा, चष्मा सापडत नाही, काहीही असो. "घंटा वाजली तरी राणीसरकार हलत नाहीत!" म्हणायचे. मी चिडायचे, पण जायचे.

अकराव्या फाइलीत चाल साडेतीन मिनिटांत संपते. यादी पुढे चालूच राहते. खालची पट्टी, तीनदा. जोरापुढे आकडा ९६. मिनिटभराने पुन्हा तीनदा, ७१. पुन्हा तीनदा, ४०. मग बराच वेळ काही नाही. शेवटी दोनदाच, १८. पहिल्यापासून शेवटपर्यंत सहा मिनिटं.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. तुम्ही त्याचाच आधार धरून आहात. आणि मी सगळ्यांना सांगितलं की मी भाजी आणायला गेले होते.

मी घरात होते. भांडी घासत होते. पहिली घंटा ऐकली. "देवाने दोन पाय दिलेत ना?" असं ओरडले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून नळ मोठा सोडला. पुढच्या ऐकू आल्या नाहीत. की आल्या, ते मला आता खात्रीने सांगता येत नाही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

शेवट कापता येतो. परवा कापून पाहिला. चाल छान वाटत असणार, तुम्हाला कधी कळलंही नसतं. पण नंतर दोन दिवस तुमचा फोन आला, तो मला उचलता आला नाही. आज पूर्ण फाइलीचं पुन्हा ध्वनिमुद्रण केलं, आवाज बंद ठेवून. मी ती ऐकलेली नाही. ती घंटा वाजली तर मी "आले" म्हणून उठेन, आणि मग कुठे जाऊ?

सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये अकराही आहेत. अकरावी ऐकायची की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्याशिवाय मला आता कुणी नाही, हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

पाकीट चिकटवते, चपला घालते आणि पोस्टात टाकून येते. आज खरंच घराबाहेर जाते आहे.

अजून म्हणवून घेत असाल तर तुमचीच,
भावजय