निर्वातातला धडाका

आई,

आज सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि भांडायला तूच हवी आहेस. महापेच्या स्टुडिओत एका अवकाशपटाचे आवाज करतेय मी. शेवटी यान फुटतं. दिग्दर्शक म्हणतो, "ताई, थिएटर हललं पाहिजे." मी त्या शेवटाचं ध्वनिमुद्रण दोन तऱ्हांनी करून ठेवलंय, एक धडाक्याचं, एक पूर्ण शांत. संध्याकाळपर्यंत एक द्यायचंय. उठते, चहा करते, पुन्हा बसते. चहा तसाच गार होतो.

तू असतीस तर प्रश्नच नव्हता. वाशीच्या शाळेत तू विज्ञान शिकवायचीस. काचेच्या हंडीत विजेची घंटा वाजत ठेवून पंपाने हवा काढत जायचीस. घंटा हलताना दिसायची, ऐकू मात्र काही यायचं नाही. घरी भाकरी थापतानाही तुझं तेच चालू, सिनेमावाले कसं खोटं दाखवतात ते. एकदा मी विचारलं, सिनेमात थोडं खोटं असलं तर काय बिघडतं? तू तवा खाली उतरवलास आणि माझ्याकडे वळलीस. "आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खोटंच सजवून दाखवलं, बाय. म्हणून तर गाव सोडून इथं आलो आपण."

मग ती चौदा एप्रिलची जयंती. विहारामागच्या मैदानात पांढरा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, त्यावर इंग्रजी अवकाशपट, आणि इंग्रजी कुणाला कळणार म्हणून माईक तुझ्या हातात. दर वर्षी सिनेमा तूच मराठीतून समजावून सांगायचीस. मी तुझ्या शेजारी सतरंजीवर बसलेय. यान फुटायची वेळ येते आणि तू ऑपरेटरला आवाज बंद करायला लावतेस. "अवकाशात हवा नसते. हवा नाही, म्हणून आवाज नाही. आणि जाळसुद्धा असा पेटत नाही." पडद्यावर नुसता उजेड फुटतो. मागून कुणीतरी ओरडतो, "ओ बाई, मशीन बिघडली काय?" एकच हशा. उत्सव समितीतले एक काका हात जोडून पुढे येतात. "बाई, तुमचं बरोबर हाय. पण पोरं वर्षभर वाट बघतात. वाजू द्या ना एकदा." तू रागाने माईक खाली ठेवतेस. ऑपरेटर रीळ मागे घेतो.

ही गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आहे. कामावर नवी पोरं आली की त्यांनाही ऐकवते, माझ्या आईने भर मैदानात धडाका बंद केला होता म्हणून. ती खूश होतात. मी तिथेच थांबते, कारण पुढचं सांगितलं तर लोक तुला हसतील असं मला उगाचच वाटत आलंय.

पुढे कर्णे दणाणले. माझी सतरंजी थरथरली. तू माझा हात इतका गच्च धरलास की बांगडी रुतली. मी वर पाहिलं, तर तुझं तोंड उघडंच होतं. "साफ खोटं आहे," तू पुटपुटलीस, आणि सिनेमा संपेपर्यंत ना माईक उचललास ना माझा हात सोडलास. उरलेला सिनेमा लोकांनी बिचाऱ्यांनी इंग्रजीतच पाहिला.

मघाशी मी शांत धडाका लावून बघितला. सगळं अगदी तुझ्या हंडीतल्यासारखं, चूक काढायला जागा नाही. मी वहीत काहीतरी खरडत बसले. मग दुसरा लावला. खुर्ची हादरली, आणि माझा हात आपोआप शेजारच्या खुर्चीकडे गेला. तिथे कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत तुझी आठवण इतकी जोरात आली नव्हती, आई.

धडाक्याचं पाठवून दिलंय. आता चिडचिड होतेय, कारण तुझं म्हणणं मला अजूनही शंभर टक्के पटतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. तुझ्यातल्या शाळेच्या बाईंना मात्र कळू देऊ नकोस.